लाकूडतोड्या (राशोमोन)

अकिरा कुरोसावा दिग्दर्शित ‘राशोमोन’ (१९५०) या जपानी चित्रपटातील एक प्रमुख पात्र. ही भूमिका ताकाशी शिमुरा यांनी केली. १९५१ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटात एका सामुराईच्या मृत्यूच्या परस्परविरोधी हकिकती येतात. त्या सांगणाऱ्यांत लाकूडतोड्या हा एकटाच त्रयस्थ असल्यामुळे त्याचे म्हणणे खरे मानण्याकडे प्रेक्षकांचा कल असतो. तथापि चित्रपटाने त्याच्याही सांगण्यात एक फट ठेवली आहे, आणि हा माणूस कोणाशी प्रामाणिक आहे, काय लपवतो व शेवटी जे करतो ते कशापोटी करतो, हे प्रश्न तिथूनच उभे राहतात.

कथानक हेइआन काळातील (आठवे ते बारावे शतक) क्योतोत घडते. मुसळधार पावसात पडक्या राशोमोन वेशीखाली बसलेले लाकूडतोड्या आणि एक बौद्ध भिक्षू चौकशीत जबानी देऊन आले आहेत, आणि तिथे आडोशाला आलेल्या वाटसरूला ते सारी हकीकत सांगतात. दरोडेखोर ताजोमारूने रानात सामुराईला बांधून त्याच्या पत्नीवर बलात्कार केला, इथपर्यंत वाद नाही. मृत्यू कसा झाला, यावर मात्र कोणाचेच कोणाशी जुळत नाही. आपण बरोबरीच्या तलवारयुद्धात त्याला मारले, असे ताजोमारू सांगतो. पतीच्या नजरेतला तिरस्कार असह्य होऊन आपली शुद्ध हरपली आणि त्या वेळी खंजीर आपल्या हातात होता, असे पत्नी सांगते. अंगात आणणाऱ्या बाईच्या तोंडून बोलणारा मृत सामुराई आत्महत्येचे सांगतो. तिघेही तो मृत्यू आपल्याकडे घेतात, कारण त्या कबुलीत प्रत्येकाची इभ्रत शाबूत राहते. आपले कृत्य दडवणारा लाकूडतोड्या एकटाच.

सारी मेख पत्नीच्या जडावाच्या, किमती खंजिरात आहे. चौकशीचे अधिकारी पडद्यावर कधीच दिसत नाहीत. साक्षीदार थेट प्रेक्षकाकडे पाहून बोलतात. तिथे लाकूडतोड्या प्रेताजवळ हत्यार नव्हते असे सांगतो. सामुराईचा आत्मा मात्र सांगतो की मरणानंतर कोणीतरी येऊन आपल्या छातीतला खंजीर हळूच उपसला. वेशीखाली ही जबानी सांगून होताच येरझारा घालणारा लाकूडतोड्या उसळतो: हे खोटे आहे, तो खंजिराने नव्हे, तलवारीने मेला. इथे तो सापडतो, कारण आपल्याला नुसते प्रेत दिसले असे सांगणाऱ्याला हे कळले कसे?

मग त्याला दुसरी हकीकत सांगावी लागते. तीत दोघे पुरुष भेदरलेले, धापा टाकत, धडपडत लढतात आणि ताजोमारूच्या तलवारीने सामुराई मरतो. याच हकिकतीत पत्नी खंजिराने पतीचा दोर कापताना दिसते, पण पुढे त्या खंजिराचे काय झाले याबद्दल अवाक्षर नाही. नसत्या भानगडीत पडायचे नव्हते, हे गप्प राहण्याचे त्याने दिलेले कारण खोटे नसेलही, पण ते पुरेसे नाही. कोणत्या हत्याराने मृत्यू आला, यात त्याचे स्वतःचे हित गुंतलेले आहे. मृत्यू खंजिराने झाला असेल, तर त्याने तो मृताच्या छातीतून उपसला. तलवारीने झाला असेल, तर रानात पडलेली वस्तू उचलली. चोरी दोन्हीकडे तीच, पण मनाला डाचण्यात फार अंतर आहे. म्हणून आधीच्या तिघांनंतर आलेली त्याची ही चौथी हकीकत हेच अखेरचे सत्य असे मानणे धाडसाचे ठरते.

पुढे वेशीत टाकून दिलेले तान्हे मूल सापडते. वाटसरू त्याचे कपडे काढून घेतो तेव्हा लाकूडतोड्या त्याच्यावर धावून जातो. त्यावर वाटसरू खंजिराचे काय केलेस असे विचारून त्याच्या थोबाडीत देतो, आणि लाकूडतोड्या खाल मानेने गप्प राहतो. कबुली म्हणावी अशी एवढीच. पाऊस थांबल्यावर तो मुलाकडे हात नेतो तेव्हा भिक्षूही दचकून मागे सरतो. उरलेसुरलेही हा ओरबाडणार, असे त्याला वाटते. घरी सहा मुले आहेत, त्यात आणखी एक जड नाही, असे सांगून लाकूडतोड्या मूल घेऊन जातो. हा शेवट भाबडा असल्याचा आक्षेप काही समीक्षकांनी घेतला आहे. पण त्या सहा तोंडांसाठीच त्याने खंजीर उचलला असावा, हे ध्यानात घेतले तर सातवे तोंड पत्करणे हे त्याला परवडणारे नाही तेच करणे ठरते. सत्याशी आणि मृताशी न राखलेली निष्ठा तो इथे एका परक्या जिवाशी राखतो. प्रायश्चित्त याहून निराळे असायला हवे असे वाटत नाही.

र्यूनोसुके आकुतागावा यांच्या ‘याबु नो नाका’ (१९२२) या मूळ कथेत लाकूडतोड्या आरंभीच जबानी देऊन दिसेनासा होतो, आणि शेवटी शस्त्र उपसणारा अदृश्य हात कोणाचा, हे कथा उघड करत नाही. पडकी वेस त्यांच्याच १९१५ च्या दुसऱ्या कथेतली असून तीत एक बेकार नोकर म्हातारीचे कपडे हिसकावून पळतो. लाकूडतोड्याची दुसरी हकीकत, त्याच्यावरचा चोरीचा आरोप आणि मूल घरी नेणे ही सर्व पटकथेने घातलेली भर आहे.