पाळी गेल्यावरचा कोरडेपणा अंगावर काढू नका

पाळी जायच्या सुमारास अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, चिडचिड यांबद्दल बायका आता बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलतात. बहुतेकींच्या या तक्रारी काही वर्षांत ओसरतातही. योनीमार्गाच्या कोरडेपणाचं तसं नाही. तो आपोआप जात नाही, उपचार न केल्यास बहुधा वाढतच राहतो. पाळी गेलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना त्याचा कमीअधिक त्रास होतो आणि बहुतेक जणी तो मुकाट सोसतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यावरचा उपाय साधा आणि जुना आहे.

योनीमार्गाच्या आतलं अस्तर पेशींच्या अनेक थरांचं असतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) ते जाड, ओलसर आणि लवचीक ठेवतं. या पेशींमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच एक प्रकार, साठवलेलं असतं. वरच्या पेशी झडल्या की त्यावर लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू पोसले जातात. दह्यातल्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. तेही लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला सामू (pH, हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 3.8 ते 4.5 इतका आंबट राखतात. त्या आंबटपणात रोगजंतूंचं फारसं फावत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटलं की अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा घटतो, हे जिवाणू कमी होतात आणि सामू 5 च्या वर जातो. मग खाज, आग, संबंधाच्या वेळी दुखणं, कधी बारीक चिरा पडून रक्ताचा डाग. एकदा असं दुखलं की पुढच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळले जातात आणि दुखणं आणखी वाढतं. हळूहळू इच्छाच उरत नाही. घरात आणि कधीकधी दवाखान्यातही त्यावर ‘आता वय झालं’ असं उत्तर मिळतं. पण जे दर वेळी दुखतं, ते हवंसं कसं वाटेल? त्यात वयाचा दोष काय?

मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळही इस्ट्रोजेनवरच अवलंबून असतात. म्हणून पन्नाशीनंतर अनेकींना सारखी लघवीची घाई होते, जळजळ होते, वरचेवर जंतुसंसर्ग होतो आणि दर वेळी नवी अँटिबायोटिकं घेतली जातात. राऊल राझ आणि वॉल्टर स्टॅम यांनी 1993 साली एक चाचणी प्रसिद्ध केली. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या 93 स्त्रियांपैकी काहींना योनीत लावायचं इस्ट्रिऑल हे इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, बाकीच्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. क्रीम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी 0.5 वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटाला 5.9 वेळा. लॅक्टोबॅसिलसही परत आले. इस्ट्रिऑलचं क्रीम आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. साधारणपणे पहिले दोन-तीन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा लावायचं असतं. आराम पडायला काही आठवडे लागतात आणि बंद केलं की तक्रारी बहुधा परततात.

‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ ही भीती मुख्यतः 2002 मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून पसरली. तो अभ्यास तोंडाने घ्यायच्या, दोन संप्रेरकांच्या एकत्रित गोळीचा होता आणि त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. जागेवर लावायच्या कमी मात्रेच्या औषधातलं फार थोडं रक्तात उतरतं. तरी त्याच्या खोक्यातल्या कागदावर कर्करोगाचा तोच इशारा वर्षानुवर्षं छापला गेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो काढण्याचा निर्णय 2025 च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केला. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावं.

हार्मोन नको असेल तर संबंधाच्या वेळी लावायची जेली आणि आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचं योनीचं मॉइश्चरायझर, दोन्ही औषधाच्या दुकानात मिळतात. कंडोम वापरत असाल तर पाण्यावर आधारलेली जेलीच घ्या, तेलाने रबर कमजोर होतं. सलग बारा महिने पाळी आली नाही तरच ती गेली असं धरतात, तोवर गर्भधारणेची शक्यता असते. साबणाने किंवा जंतुनाशक पाण्याने आतून धुणं बंद करा, त्याने कोरडेपणा वाढतो.

आता डॉक्टरांशी बोलण्याविषयी. सोबत सून, मुलगा किंवा नवरा असेल तर ‘मला एकटीला बोलायचंय’ असं सरळ सांगा. तुमचा तो हक्क आहे. ‘खाली त्रास होतो’ एवढ्यावर थांबलात तर अंगावरून पांढरं जाण्यावरच्या गोळ्या हातात पडतील. त्याऐवजी असं सांगा: ‘मॅडम, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. शंकेची जागा कोरडी पडते, संबंधाच्या वेळी सुरुवातीलाच दुखतं, लघवीला जळजळ होते. जागेवर लावायचं इस्ट्रोजेन मला चालेल का?’ एवढं सांगितलं की तपासणीची दिशा ठरते. ‘या वयात कशाला?’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

गर्भपिशवीबरोबर बीजकोषही (ओव्हरी, जिथे इस्ट्रोजेन तयार होतं) काढलेल्यांना हे सगळं ऐन तिशीतही भोगावं लागतं, कारण त्यांचं इस्ट्रोजेन हळूहळू कमी न होता एकदम बंद पडतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या तरुणपणीच काढल्या जात असल्याचं 2019 मध्ये राज्यभर गाजलं. त्यांच्यापर्यंत हे क्रीम, ही जेली, ही माहिती पोहोचायलाच हवी. ऑपरेशनच्या कागदावर बीजकोष ठेवलेत की काढलेत ते लिहिलेलं असतं. तो कागद शोधून डॉक्टरांना दाखवा.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी कोरडेपणामुळे असेल असं स्वतःच ठरवू नका. डागाचं कारण बऱ्याचदा साधंच निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाचीही ती पहिली खूण असू शकते. त्यासाठी लगेच तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या.