मॉस-लिव्हरवर्ट संवर्धनाची आंतरराष्ट्रीय परिषद: अर्ज कसा करायचा, कोण पात्र, कागदपत्रे कोणती

या परिषदांना फक्त प्राध्यापकच जातात, हा समज आधी डोक्यातून काढा. मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट या फुले-बिया नसलेल्या, बीजाणूंनी पसरणाऱ्या छोट्या वनस्पती (एकत्रित नाव ब्रायोफाइट). त्यांच्या मिळून जगात सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्या नेमक्या ओळखणारी माणसे फार थोडी. म्हणून वनखात्यातले कर्मचारी, हर्बेरियममधले (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले) तंत्रज्ञ, विद्यार्थी आणि भिंग घेऊन रानात हिंडणारे हौशी अभ्यासक यांनाही इथे सहसा प्रवेश मिळतो. पदवीची अट क्वचितच असते. अर्ज अडतो तो दोन ठिकाणी: गोषवाऱ्यात (मांडायच्या कामाच्या छोट्या सारांशात) आणि नमुन्यांच्या परवानग्यांत.

आधी परिषद ठरवा

इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ ब्रायोलॉजिस्ट्स ही ब्रायोफाइट-अभ्यासकांची १९६९ साली स्थापन झालेली संघटना. तिच्या परिषदांत वर्गीकरण, जनुकशास्त्र, परिस्थितिकी असे सगळेच येते. संवर्धन हा त्यातला एक भाग. इंटरनॅशनल बोटॅनिकल काँग्रेसचा पसारा याहून कितीतरी मोठा (२०१७ साली शेन्झेन, २०२४ साली माद्रिद), त्यामुळे तिथे आपला विषय कोणत्या सत्रात बसतो हे अर्जाआधीच पाहावे लागते. निव्वळ संवर्धनाबद्दल बोलायचे असेल तर युरोपियन कमिटी फॉर कॉन्झर्व्हेशन ऑफ ब्रायोफाइट्स १९९० पासून काम करते आहे.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या स्पीशीज सर्व्हायव्हल कमिशनचा ब्रायोफाइट तज्ज्ञगटही आहे, पण त्याचे सदस्यत्व नेमणुकीने मिळते. त्यासाठी धडपडण्यापेक्षा परिषदेत चांगले काम मांडा. त्या गटातली माणसे बहुधा समोरच बसलेली असतात.

पात्रता

श्रोता म्हणून जायचे असेल तर नोंदणी आणि शुल्क एवढ्यावर भागते. आयोजक संघटनेच्या सदस्यांना शुल्कात बऱ्याचदा सवलत असते, तेव्हा आधी सदस्य व्हा आणि मग नोंदणी करा. विद्यार्थी सवलतीसाठी संस्थेचे चालू वर्षाचे बोनाफाइड पत्र लागते. प्रवास-अनुदान हवे असेल तर अटी वाढतात: गोषवारा स्वीकारलेला असावा, अर्जदार त्याचा पहिला लेखक असावा, सोबत मार्गदर्शकाचे शिफारसपत्र आणि खर्चाचा अंदाज असावा. अनुदानाची मुदत नोंदणीच्या मुदतीच्या बरीच आधी संपते. दोन्ही तारखा एकच समजून लोक हमखास फसतात.

गोषवारा: खरी परीक्षा इथे

मर्यादा साधारण २०० ते ३०० शब्दांची असते. ‘अमुक खोऱ्यात इतक्या जाती आढळल्या’ एवढ्यावर संपणारा गोषवारा संवर्धनाच्या सत्रात टिकत नाही. परीक्षकाला हवे असते ते हे: कोणत्या जातीला, कशामुळे, किती धोका आहे आणि तो तुम्ही कसा मोजला. २०१९च्या ब्रायोफाइटांच्या युरोपीय रेड लिस्टने (कोणत्या जातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीने) तिथल्या सुमारे २२.५ टक्के जाती धोक्यात असल्याचे दाखवले. हा आकडा आययूसीएनचे निकष एकेका जातीला लावूनच निघाला आहे. तुमच्या मांडणीतही त्या निकषांची भाषा दिसली पाहिजे.

मोजणीची गोम नीट समजून घ्या. मॉसच्या गादीत एक रोप कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. म्हणून जमिनीवर किंवा खडकावर वाढणाऱ्या जातीचे एक चौरस मीटर म्हणजे एक ‘व्यक्ती’, आणि झाडावर किंवा ओंडक्यावर वाढणाऱ्या जातीचे एक झाड किंवा एक ओंडका म्हणजे एक ‘व्यक्ती’, असा हिशेब रेड लिस्टच्या कामात रुळला आहे. बक्सबॉमिया व्हिरिडिस हे मॉस घ्या. ते कुजक्या लाकडावर वाढते. त्याचा मूळ देह जवळपास दिसतच नाही; डोळ्यांना दिसते ते देठावरचे बीजाणूंचे फुगीर बोंड. तिथे बोंडे मोजून ‘शेकडो रोपे’ लिहिलेत तर जाणकार परीक्षक लगेच पकडेल. किती ओंडके तपासले आणि त्यातल्या किती ओंडक्यांवर ते होते, हे लिहा.

दुर्मीळ जातीचे अचूक अक्षांश-रेखांश मात्र गोषवाऱ्यात देऊ नका. गोषवारे छापले जातात, कुणीही वाचतो, आणि हावरे संग्राहक या क्षेत्रातही आहेत.

सादरीकरण भाषण की पोस्टर, हेही अर्जातच विचारतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने पोस्टर निवडावे असे माझे मत. भाषणानंतर प्रश्नांना दोन-चार मिनिटे मिळतात, पोस्टरपाशी लोक तासभर वाद घालतात.

कागदपत्रे

पासपोर्ट (अनेक देशांना परतीच्या तारखेनंतरही सहा महिने वैध लागतो), गोषवारा स्वीकारल्याचे पत्र, शुल्काची पावती, प्रवास विमा, राहण्याच्या सोयीचा पुरावा आणि आयोजकांचे निमंत्रणपत्र. निमंत्रणपत्र आपोआप येत नाही, मागावे लागते, आणि ते बहुधा शुल्क भरल्यावरच मिळते. त्यावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळते का, ते तपासा. या पत्राने व्हिसा मिळेलच असे नाही, शिवाय खर्चाची जबाबदारी आयोजक घेत नाहीत. म्हणून शुल्क परतीचे नियम आधी वाचा.

नमुने सोबत नेणार असाल तर

वाळलेले मॉस खिशात मावते म्हणून ते कायद्यातून सुटते असे नाही. जैविक संपत्तीचा वापर आणि त्यातून होणाऱ्या लाभाचे मूळ देशाशी वाटप याबद्दलचा नागोया करार २०१० साली झाला आणि २०१४ पासून लागू आहे. त्याच्या चौकटीत अनेक देश जैविक नमुन्यांवरच्या संशोधनासाठी आधी परवानगी आणि लाभवाटपाची अट घालतात. त्यामुळे गोळा केल्याचा परवाना, देशाबाहेर नेण्याची परवानगी आणि यजमान देशाने मागितल्यास वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, हे सगळे तयार ठेवा. या परवानग्यांना व्हिसापेक्षाही जास्त वेळ लागू शकतो, म्हणून त्यांचा अर्ज गोषवाऱ्यासोबतच टाका.

नमुने पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर शास्त्रीय नाव, ठिकाण, उंची, कशावर वाढले होते, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक लिहा. माती झटकून टाका, कारण कस्टम्सवाले मॉसपेक्षा मातीवर जास्त आक्षेप घेतात. फक्त ओळख पटवून घ्यायची असेल तर नमुना नेऊच नका. सूक्ष्मदर्शकाखालच्या पानांच्या पेशींचे चांगले फोटो बऱ्याचदा पुरतात.

परिषदेला जोडून क्षेत्रभेट असेल तर तिची नोंदणी वेगळी असते आणि जागा लवकर भरतात. अर्जात आरोग्याची माहिती आणि आपत्कालीन संपर्क मागतात. संरक्षित क्षेत्रात आयोजकांचा परवाना बहुधा पाहण्यापुरताच असतो. तिथून काही गोळा करायचे असेल तर आयोजकांना आधी लेखी विचारा.