पुढच्या पिढ्यांचा वाटा

पाणी, जंगल, खाडी, डोंगर, खनिजं यांच्यावर आज जगणाऱ्यांइतकाच अजून जन्मालाही न आलेल्यांचा हक्क आहे, त्यामुळे हे सगळं संपवून किंवा नासवून जायचा अधिकार कुठल्याच पिढीला नाही, हा पर्यावरणाच्या नीतिशास्त्रातला मूळ विचार. १९८७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या रिपोर्टमुळे तो जगभर पोचला, १९९२ च्या पर्यावरण परिषदेतल्या रिओ जाहीरनाम्यात तिसरं तत्त्व म्हणून आला. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गोव्याच्या लोहखनिजाच्या केसमध्ये तर तो आकड्यात उतरवला, वर्षाला २ कोटी टनांच्या वर खनिज काढायचं नाही आणि विक्रीतला काही हिस्सा पुढच्यांसाठी कायमच्या फंडात टाकायचा.

खरा वाद आहे तो भरपाईचा. एक मत असं की डोंगर फोडला तरी त्या बदल्यात मुलांना घरं, रस्ते, शाळा मिळतात, म्हणजे हिशोब फिटला. नवी मुंबईतल्या पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणी बघून हे थोडंफार पटतंही, इथल्या बिल्डिंगा काय हवेतून उभ्या राहिल्या नाहीत. पण खाडीला हा हिशोब लावताच येत नाही. ऐरोलीला ओहोटीच्या वेळी जाऊन बघा, तिवरांच्या बुडाशी चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात, झाड त्यातून हवा घेतं, मधेच निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात, बाजूला चिंबोऱ्यांची बिळं असतात. ही जागा भराव टाकून बुजवली आणि लांब कुठेतरी तेवढीच रोपं लावली की कागदावर सगळं बरोबर दिसतं, पण दिवाळे, सारसोळेच्या कोळ्यांच्या नातवंडांना त्या लांबच्या रोपांचा काय उपयोग, त्यांची मासळी तर इथली गेली ना, म्हणजे नुकसान एकाचं आणि भरपाई भलत्याचीच.

कायदा या बाबतीत खाडीच्या बाजूने आहे. मुंबई हायकोर्टाने २००५ ला राज्यभर कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल, तोडायला बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती तोड म्हणजे जगण्याच्या हक्कावरच घाला असं मानलं. ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

तरी सगळंच सोपं नाही. नवी मुंबई सखल जमिनीवर वसवली म्हणून इथे होल्डिंग पॉन्ड बांधलेत, भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, पावसाचं पाणी तळ्यात साठवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. त्यात वर्षानुवर्षं गाळ साठला, गाळात तिवरं उगवली, आता गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागतात आणि ठेवायची तर तळं उथळ राहून जोराच्या पावसात आजूबाजूच्या वस्तीत पाणी शिरायची भीती. दोन्हीकडे पुढच्यांचंच हित आहे. माझ्या मते इथे परवानगी फक्त गाळ काढायलाच मिळावी, तळ्याचा एक कोपराही बांधकामाला जाता कामा नये, आणि यापुढे गाळ दरवर्षी निघावा म्हणजे तिवरं तोडायची वेळच येणार नाही.