उरलेलं, शिळं आणि उतरलेलं

एप्रिल लागला की उरलेल्या अन्नाच्या चित्रफितींना बहर येतो. भाताचे कटलेट, पोळीच्या नूडल्स, वरणाचे पराठे. शेवटी एक वाक्य बहुतेक ठिकाणी असतंच: आपल्या आज्या हेच करायच्या. ते अर्धंच खरं आहे. आज्या हे करायच्या ते मार्गशीर्ष-पौषात. वैशाखात सकाळी नऊला उतरवलेल्या वरणावर दुपारी चारला बारीक फेस दिसायचा आणि रात्रीच्या भाताला सकाळी तार सुटलेली असायची. त्याचा फोडणीचा भात कुणी करत नसे. मग उन्हाळ्यात उरलेलं जायचं कुठे, आणि त्याच्या पाककृती कधी झाल्या, हे बघायला थोडं मागे जावं लागतं.

आधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा, कारण निम्मे वाद त्यातूनच निघतात. आज 'शिळं' हा एकच शब्द आपण सगळ्यासाठी वापरतो. घरातल्या बोलीत मात्र निदान पाच शब्द होते आणि प्रत्येकाचं काम वेगळं होतं. 'उरलेलं' म्हणजे पानात न वाढलेलं, पातेल्यात शिल्लक राहिलेलं. 'शिळं' हा वेळेचा हिशेब, त्यावरून रात्र गेली एवढंच. 'उतरलं' किंवा 'विटलं' ही अन्नाची अवस्था. भाजी तीन तासांतही उतरू शकते आणि शिळी भाकरी दुसऱ्या दिवशीही उतरलेली नसते. 'उष्टं' म्हणजे कुणाचं तरी तोंड लागलेलं. आणि 'खरकटं' हा मुळात सोवळ्याच्या हिशेबातला शब्द. पाण्यात शिजलेला भात ताजा वाफाळता असला तरी खरकटा; दुधात पीठ भिजवून केलेली दशमी मात्र खरकट्यात मोडत नसे. म्हणून प्रवासाला दशम्या. कारण सोवळ्याचं सांगितलं जाई. पण मे महिन्यात एसटीने दोन दिवसांचा प्रवास करणाऱ्याला डब्यात पाण्याचा अंश कमी का हवा, हे वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. सोबत कोरडी चटणी आणि गूळ. रस्सा कुणी बांधून देत नसे.

'शिळं वाईट' म्हणणारे हमखास गीतेच्या सतराव्या अध्यायातला दहावा श्लोक पुढे करतात. 'यातयामं गतरसं पूति पर्युषितं च यत्' अशी त्याची सुरुवात, आणि असं अन्न तामस माणसाला आवडतं असा निष्कर्ष. सध्या यातल्या पहिल्याच शब्दाने धुमाकूळ घातला आहे. याम म्हणजे प्रहर, प्रहर म्हणजे तीन तास, म्हणून शिजवून तीन तास झाले की अन्न तामसी, असा सरळ गुणाकार मांडला जातो. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भाष्यात मात्र 'यातयाम'चा अर्थ 'अर्धकच्चं शिजलेलं' असा दिला आहे, आणि त्याचं कारणही दिलं आहे: 'सत्त्व गेलेलं' हा अर्थ 'गतरस' या पुढच्याच शब्दात येऊन गेला, मग तोच पुन्हा कशाला सांगायचा? रात्र उलटलेल्या अन्नासाठी त्याच ओळीत 'पर्युषित' हा स्वतंत्र शब्द आहे. नंतरच्या टीकाकारांनी प्रहराचा अर्थ उचलून धरला आणि तोच घराघरांत रुजला. म्हणजे ज्या एका शब्दाच्या जोरावर सकाळची भाजी रात्री वाढणाऱ्या सुनेला बोल लावले गेले, त्याचा अर्थच पक्का नव्हता. श्लोकाचा रोख तर पदार्थापेक्षा खाणाऱ्याच्या वृत्तीवर आहे.

आचाराचे नियम सांगणारे स्मृतिकार याहून व्यवहारी निघाले. रात्र उलटलेलं खाऊ नये असं सांगून ते लगेच अपवाद मोजतात. तूप-तेल लावलेलं असेल तर चालेल. जव-गव्हाचे पदार्थ आणि दुधाचे प्रकार बराच वेळ राहिले तरी, स्निग्ध नसले तरीही, चालतील. आंबलेलं वर्ज्य, पण दही आणि दह्यापासून झालेलं सगळं चालेल. भाताचं नाव या यादीत नाही. उष्ण हवेत काय टिकतं याची ही यादी आहे हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही कळेल: पाणी कमी, स्निग्धता जास्त किंवा आंबटपणा ताब्यात. दशमी, पुरी, दहीभात. 'शिळ्या कढीला ऊत' हा वाक्प्रचार आपण जुन्या भांडणांसाठी वापरतो. पण ताकाची कढी खळखळून उकळली की फुटते, हे ज्यांच्या हाताला ठाऊक होतं त्यांनीच तो घडवला असणार.

एवढे अपवाद ठाऊक असूनही उन्हाळ्यातली खरी काटकसर उरू न देण्यातच होती. तांदूळ मापट्याने नव्हे, माणशी मुठीने मोजले जात. सकाळचा स्वयंपाक ऊन चढायच्या आत उरके, आणि रात्री पिठलं-भाकरी किंवा नुसता ताकभात. त्यातूनही उरलंच तर त्याचे तीन रस्ते होते. पहिला गोठ्याकडे, गुरांच्या आंबोणात. दुसरा घरातल्या बायकांच्या पानात, कारण त्या सगळ्यांत शेवटी जेवत आणि 'टाकवत नाही' हे वाक्य त्यांच्याच तोंडी असे. तिसरा दाराबाहेर. या तिसऱ्या रस्त्याबद्दल पाककृतींच्या जगात कुणी बोलत नाही. गावकीची कामं करणाऱ्यांना मोबदल्यात शिळ्या भाकरीचे तुकडे घालायची रीत होती, आणि घालणाऱ्याला ती दानधर्म वाटे. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस आणि फेकलेले तुकडे खाणं सोडून देण्याचं आवाहन झालं, ते या रिवाजाविरुद्ध होतं. त्यामुळे 'शिळी भाकरी' हा शब्द एका घरात आजीची आठवण जागवतो आणि दुसऱ्या घरात जखम. काटकसरीचं कौतुक करताना एवढं भान हवं.

टंचाईच्या वर्षांत तर उरण्याचाच प्रश्न नव्हता. १९६५ मध्ये सोमवारी रात्रीचं जेवण सोडण्याचं आवाहन पंतप्रधानांनी केलं आणि ते पाळणारी घरं होती. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर सुकडी नावाचा कोरडा पौष्टिक खाऊ मिळे आणि रेशनवर मिलो नावाची आयात केलेली लाल ज्वारी. तिची भाकरी गरम असतानाच खाऊन मोकळं व्हावं लागे, असं त्या काळात जेवलेली माणसं सांगतात.

सगळं बदललं ते फ्रीजने. देशी बनावटीचा फ्रीज १९५८ मध्ये आला, पण मध्यमवर्गीय मराठी घरात तो पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं, आणि हप्त्यांची सोय झाल्यावर नव्वदच्या दशकात तो सर्रास दिसू लागला. त्याआधी उन्हाळ्यात अन्न राखायची साधनं म्हणजे शिंकं, जाळीचं कपाट आणि पाणी. परातीत बोटभर पाणी, त्यात भाताचं पातेलं, वर ओलं फडकं, आणि फडक्याची टोकं परातीतल्या पाण्यात बुडालेली. फडकं रात्रभर पाणी ओढत राही आणि त्याच पाण्यामुळे मुंग्यांनाही वाट नसे. दूध दिवसातून तीनदा तापवलं जाई. उरलेल्या भाताला रात्रीच कोमट दूध आणि चमचाभर ताक लावून ठेवलं की सकाळी तो आपोआप दहीभात झालेला असे. इथे दूध जास्त आणि ताक नावापुरतं, ही यातली मेख. रात्रीच दही कालवलं तर सकाळी तोंडात घालवत नाही इतकं आंबतं.

आमच्या चाळीत पहिला फ्रीज आला तेव्हा मालकिणीच्या घरी दुपारी तीननंतर बर्फासाठी रांग लागायची. त्या काकूंनी लवकरच नियम केला: बर्फ मिळेल, दुधाची पिशवी ठेवता येईल, पण शिजवलेलं काही चालणार नाही. कारण सोवळ्याचं नव्हतं, लसणाच्या वासाचं होतं. नंतर प्रत्येकाकडे फ्रीज आला आणि दोनच वर्षांत शब्द बदलले. 'शिळं आहे' म्हणायचं बंद झालं, 'फ्रीजमधलं आहे' सुरू झालं. वेळेच्या मापाची जागा थंडाव्याने घेतली. भात मुठीने मोजायची गरज उरली नाही, उलट 'दोन वेळचा एकदमच लावते' हीच काटकसर ठरली. गॅस वाचतो, कुकरची एक फेरी वाचते. संध्याकाळी दाराबाहेर जाणारं अन्न आता डब्यात बंद होऊन खालच्या कप्प्यात गेलं आणि तिसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींच्या हातात. रस्ता तोच, फक्त दोन दिवस उशिराचा.

उन्हाळ्यातल्या 'उरलेल्याच्या पाककृती' खऱ्या अर्थाने इथून सुरू होतात. फोडणीची पोळी, म्हणजेच कुस्करा किंवा मनोहरा, ही जुनी आहे, कारण पोळी उन्हाळ्यातही रात्रभर टिकते. गूळ-तुपात कुस्करलेल्या पोळीचा लाडूही तसाच जुना. मे महिन्यातला फोडणीचा भात मात्र बहुतांशी फ्रीजचं अपत्य आहे. याला अपवाद किनाऱ्याचा. गोव्यात 'कालची कढी' म्हणजे आदल्या दिवशीचं नारळाचं हुमण, म्हणजे माशांचं कालवण, मंद आचेवर आटवून घट्ट केलेलं, न्याहारीला पावाबरोबर खायचं. तिथली हवाही उष्णच, पण कोकमाचा आंबटपणा आणि पुन्हा पुन्हा आटवणं यांवर ती तरते.

फ्रीजवरचा हा विश्वास २००५ नंतरच्या भारनियमनाने हलवला. गावाकडे दिवसातून आठ-दहा तास वीज नसायची आणि फ्रीज म्हणजे दार लावलेलं कपाट होऊन बसायचं. दुपारी वीज आली की सगळं परत गार होई, हात लावला तर थंडगार लागे, आणि तेच फसवं होतं. मधल्या सहा तासांत आत काय झालं ते हाताला कळत नाही. वास घेऊन ठरवायची सवय तोवर गेलेली होती.

भाताचं दुखणं इथे सविस्तर सांगायला हवं, कारण 'खणखणीत गरम केलं की काही होत नाही' ही समजूत अजून पक्की आहे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळल्यावरही मरत नाहीत. शिजलेला भात ओट्यावर कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही प्रकार असं विष सोडतात जे नंतरच्या फोडणीनेही नष्ट होत नाही. अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जितकं कमी राहील तितकं बरं. शिजवल्यावर दोन तासांत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात, ते फ्रीजमध्ये जावं असा आजचा दंडक आहे. विदर्भात पारा ४५ वर असताना हा तासही लांबच वाटतो. भात परातीत पसरून, वाफ जाऊ देऊन, उथळ डब्यात भरला तर लवकर गार होतो. कुकरच्या डब्यात घट्ट दाबून ठेवलेला मधोमध कितीतरी वेळ कोमट राहतो. हे दोन तास आणि गीतेवरून मांडलेला तो तीन तासांचा प्रहर जवळपास जुळतात म्हणून टाळ्या पिटणारे भेटतात. त्यांनी वरचं भाष्य वाचावं.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत उन्हाळा आणि काटकसर पुन्हा एकत्र आली. भाजी आठवड्यातून एकदा, माणसं चोवीस तास घरात, मावशी येत नाहीत. कोथिंबिरीच्या काड्यांची चटणी आणि कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालीपिठं त्या दोन महिन्यांत अचानक प्रतिष्ठित झाली. मग २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका दूरचित्रवाणी पाककला स्पर्धेच्या अंतिम फेरीत रात्रभर पाण्यात भिजवलेला बंगाली पांता भात मांडला गेला आणि आपल्याकडेही 'आमचे पूर्वज शिळा भातच खायचे' याची लाट आली. इथे पुन्हा शब्दांनी घोटाळा केला. ओडिशाचा पखाळ आणि बंगालचा पांता म्हणजे शिजलेला भात पाण्यात मुद्दाम आंबवणं. ती एक पद्धत आहे, विसरून राहिलेल्या भाताची गोष्ट नव्हे. कोकणातली पेज ताजी शिजवतात, उकड्या तांदळाची. देशावरची आंबील म्हणजे ज्वारी-नाचणीचं पीठ रात्री ताकात किंवा पाण्यात भिजवून सकाळी शिजवलेली. ही उरलेलंही नव्हे, शिळंही नव्हे. तरी तिघांना एका टोपलीत घालून परंपरेचं लेबल लावणं चालूच आहे.

उन्हाळ्याची म्हणावी अशी मराठी काटकसर बघायची तर ती कच्च्या मालात दिसते. आमरसासाठी पिळलेल्या आंब्याच्या कोयी आणि सालं पाण्यात चोळून, त्या पाण्याला गूळ आणि जिऱ्या-मिरचीची फोडणी देऊन केलेलं सार. आंबट झालेल्या ताकाची उकड. आणि शिजवलेल्या अन्नातली, फ्रीज नसतानाही वैशाखात जमणारी गोष्ट: भातवड्या. सकाळचा उरलेला भात दुपारच्या आतच जिरं, मीठ, तिखट घालून मळायचा आणि भर उन्हात जुन्या धोतराच्या पानावर बोटांनी तोडून घालायचा. ज्या उन्हाने तो पातेल्यात उतरला असता त्याच उन्हात तो दोन दिवसांत खडखडीत वाळतो. कावळे हाकायला एखादं पोर बसवायचं, संध्याकाळी कापड ओलं करून मागून वड्या सोडवायच्या. पत्र्याच्या डब्यात भरलेल्या त्या वड्या आषाढात खिचडीबरोबर तळून पानात येत, तोवर त्या कुठल्या दिवशीच्या भाताच्या होत्या हे कुणाच्या लक्षातही नसे.