मिलेच्या ‘आंजेल्यूस’खाली शवपेटी आहे का?

संध्याकाळचं शेत, मान खाली घातलेलं जोडपं, पायाशी टोपली. फ्रेंच चित्रकार झां-फ्रान्स्वा मिलेच्या ‘आंजेल्यूस’ (चर्चच्या घंटेबरोबर म्हणायची प्रार्थना) या चित्रात (१८५७-५९) टोपलीखाली बाळाची शवपेटी दडलीय, ही स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने रेटलेली गोष्ट अजून फिरते. कल्पना भन्नाट आहे, पण दालीचीच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या क्ष-किरण तपासणीत तिथे गडद चौकोनी आकार दिसला, एवढंच खरं. आकार म्हणजे शवपेटी नव्हे. चित्रकार रंगवताना खाडाखोड करतातच. चित्रच नीट बघा: जमिनीत खोचलेलं दाताळं, एकचाकी गाडीवर पोती, टोपलीत बटाटे. काम मध्येच थांबवलंय. का, ते मिलेने १८६५ मध्ये लिहून ठेवलंय: चर्चची घंटा झाली की आजी शेतातलं काम थांबवून सगळ्यांना मृतांसाठी प्रार्थना करायला लावायची.