काकुरे किरिशितान

ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी असताना सुमारे अडीचशे वर्षे, धर्मगुरूंवाचून, चोरून श्रद्धा जपणारा जपानी समाज. ‘काकुरे’ म्हणजे लपलेले आणि ‘किरिशितान’ हा ख्रिस्ती या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा जपानी उच्चार. वस्ती मुख्यतः जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटाच्या भागात : नागासाकीलगतचे उराकामी, सोतोमेचा किनारा, इकित्सुकी आणि गोतो बेटे.

१५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर (ज्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे) कागोशिमाला उतरले आणि काही दशकांत क्यूशूतले काही सरदारही ख्रिस्ती झाले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ मध्ये धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. त्यांना जपानी उत्तम येई, म्हणून ते फ्रान्सिस्कनांचे दुभाषे झाले होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईत त्यांचा सण पाळतात. पुढे सत्तेवर आलेल्या तोकुगावा शोगुनांच्या राजवटीने १६१४ मध्ये देशभर बंदी घातली.

श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्या रक्तसाक्षींमुळे धर्म उलट फोफावतो, हे अधिकाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. त्यांना मग ख्रिस्त्यांच्या मृत्यूपेक्षा त्यांनी धर्म सोडणे हवे होते. माणसाला खड्ड्यात उलटे टांगून ठेवीत. १६३३ मध्ये जेझुइटांचे प्रमुख क्रिस्तोव्हाव फरेरा या छळापुढे मोडले आणि पुढे त्यांनीच ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तक लिहिले. शिकवणाऱ्यानेच पाठ फिरवल्यावर शिकणाऱ्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करवत नाही. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे, आणि पाच घरांच्या गटात एकाचा गुन्हा सगळ्यांना भोवे. त्याच काळात गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाच्या, रूपाने दहशतीचा आसूड चर्चच्याच हाती होता, हेही विसरता येत नाही.

सर्वांत कुप्रसिद्ध कसोटी ‘फुमि-ए’ची. ख्रिस्त किंवा मारियेची प्रतिमा असलेल्या फळीवर पाय ठेवायचा. नागासाकीत दर नववर्षी घरातल्या सर्वांना, अगदी तान्ह्या बाळालाही, ती तुडवावी लागे. बहुतेकांनी ती तुडवली. धर्म टिकला तो मुख्यतः अशा पाय ठेवणाऱ्यांच्या घरांतून.

त्याला आधार होता तो ‘कोंचिरिसान’चा, म्हणजे मनःपूर्वक पश्चात्तापाच्या प्रार्थनेचा. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू नसेल तरी खऱ्या अनुतापाने क्षमा मिळते, असे सांगणारी पुस्तिका बंदीपूर्वीच, १६०३ च्या सुमारास निघाली होती. फळी तुडवून लोक घरी येत आणि ही प्रार्थना म्हणत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

गावोगावी कामेही वाटलेली होती : एक जण पंचांग सांभाळून सण-उपवास सांगे, दुसरा बाप्तिस्मा देई. देव्हाऱ्यात कान्नोन या बौद्धांच्या करुणेच्या देवतेची मूर्ती असे. पाहणाऱ्याला कान्नोन, घरच्यांना मारिया. मयताला मंदिराचा पुजारी सूत्रे म्हणे, तेव्हा शेजारच्या खोलीत कोणी त्या सूत्रांचा प्रभाव पुसून टाकणारी प्रार्थना पुटपुटे. ‘ओराशो’ या त्यांच्या प्रार्थनांतले लॅटिन पिढ्यागणिक झिजत गेले.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही लोक आले. त्यांतल्या एका बाईने फ्रेंच धर्मगुरू पेतीजाँ यांना हळूच सांगितले की आमचे मन तुमच्यासारखेच आहे, आणि मारियेची मूर्ती कुठे आहे असे विचारले. आपण सध्या ‘दुःखाचा काळ’ पाळतो आहोत, असेही ते लोक बोलले. तो ईस्टरपूर्वीचा उपवासकाळच होता. पंचांग चुकले नव्हते.

बंदी मात्र उठली नव्हती. उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना देशभर हद्दपार केले गेले आणि सहाशेहून अधिक तिथेच मेले. पाश्चात्त्य देशांच्या दबावाखाली १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले.

त्यानंतर पुष्कळ कुटुंबे कॅथलिक चर्चमध्ये परतली, पण सगळी नाहीत. पूर्वजांनी जिवावर उदार होऊन जपलेल्या रीती नव्या धर्मगुरूंच्या सांगण्यावरून टाकायला काहींनी नकार दिला. २०१८ मध्ये नागासाकी परिसरातील १२ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. इकित्सुकीतल्या मोजक्या घरांत ओराशो अजून म्हणतात. त्यातल्या कित्येक शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यांनाही लागत नाही.