पहिल्या वर्षाचे तीन विषय आणि एक मेजर

एफवायबीएस्सीचा, म्हणजे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरताना आता 'मेजर', म्हणजे पदवीचा मुख्य विषय निवडावा लागतो. काही वर्षांपूर्वी हा प्रश्न पहिल्या वर्षाला नव्हताच. तेव्हा कॉम्बिनेशन ठरवायचं असायचं, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) किंवा सीबीझेड (रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र) किंवा कॉलेजात जे उपलब्ध असेल ते. तीन विषय वर्षभर शिकायचे, दुसऱ्या वर्षाला त्यातला एक सोडायचा आणि टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, एकावर यायचं. एखाद्या विषयाला वाहून घेण्याआधी त्याच्याबरोबर दोन वर्षं काढायला मिळत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत सध्या मेजरवरून जी चर्चा चालते तिचं मूळ या बदलात आहे. पण पहिल्या वर्षाची ओढाताण त्याच्याही आधी सुरू झाली होती.

ही महाविद्यालयं ज्याच्याशी जोडलेली आहेत ते मुंबई विद्यापीठ 1857 चं. तिथपासून सगळं सांगायची गरज नाही. आजच्या पहिल्या वर्षाला आकार दिला तो 1970 च्या दशकाने. त्याआधी अकरावीला मॅट्रिक, मग कॉलेजात एफवाय सायन्स, मग इंटर सायन्स असा क्रम होता. डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं असलं तरी इंटरपर्यंत सगळे एकाच वर्गात बसत. 1975 मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, 1977 मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली आणि व्यावसायिक शिक्षणाचं दार इंटरवरून बारावीवर आलं. मग बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला उरले ते, ज्यांना विज्ञानच शिकायचं होतं आणि ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता. या दोन गटांना एकाच अभ्यासक्रमात कसं सांभाळायचं, हा प्रश्न तेव्हापासून एफवायच्या मानगुटीवर बसला आहे.

ठाण्याची गोष्ट याच काळातली. चेंदणीच्या बंदर रस्त्यावर, खाडीच्या कडेला 1969 मध्ये कॉलेज निघालं, आणि 1976 मध्ये त्याच आवारात विज्ञानाचं स्वतंत्र कॉलेज उभं राहिलं. ठाण्याच्या मुलांना बीएस्सीसाठी विद्याविहार, माटुंगा गाठायची सक्ती उरली नाही. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते, आणि त्यांच्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये बीएस्सी केमिस्ट्रीवाल्याला जागा असायची. घरात कोणी पदवीधर नसतानाही इथल्या पालकांना 'केमिस्ट' म्हणजे काय हे नीट ठाऊक होतं, ते त्यामुळे. नवी मुंबई नोडनोडने वाढली, तशी वाशी आणि नेरूळमध्येही कॉलेजं आली. 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याचा विद्यार्थी दोन्ही बाजूंना जाऊ लागला. तोवर सेल्फ फायनान्सचे, म्हणजे विनाअनुदानित, बीएस्सी आयटी, कॉम्प्युटर सायन्स जोरात आले होते. ऐरोलीत आयटी पार्क उभे राहिले आणि पालकांच्या मनातली केमिस्टची जागा हळूहळू सॉफ्टवेअरने घेतली.

2011-12 मध्ये पहिल्या वर्षाला सेमिस्टर आणि क्रेडिट पद्धत लागू झाली; क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं एकक. सुरुवातीला 60 गुण लेखीला आणि 40 अंतर्गत होते, पुढे हे प्रमाण बदललं. वार्षिक परीक्षेच्या काळात जून ते दिवाळी हा सावरण्याचा काळ असे. मुलं इंग्रजीतून उत्तरं लिहायला सरावत, जर्नल कसं लिहायचं ते शिकत. सेमिस्टरने तो काळ कापला. ऑक्टोबर उजाडतो तो परीक्षा घेऊनच, आणि तेवढ्यात मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसीच्या प्रवेशफेऱ्याही चालूच असतात. ऑगस्टमध्ये भरलेला वर्ग सप्टेंबरअखेरीस विरळ होतो. शिक्षक ज्यांना पहिला भाग शिकवतात त्यातले कित्येक दुसऱ्या भागाला नसतात, आणि रिकाम्या जागांवर आलेल्यांचा पहिला भाग बुडालेला असतो. परीक्षा मात्र सगळ्यांना एकच. यावर अजून कोणी धड उपाय काढलेला नाही, आणि याची चर्चा व्हायला हवी त्याच्या निम्मीही होत नाही.

तरीही विषयांची रचना तोवर जुनीच होती. 20 क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये तीन विषयांना प्रत्येकी 6, म्हणजे 18 क्रेडिट विज्ञानाचे, आणि उरलेले 2 फाउंडेशन कोर्स या सगळ्यांना सामाईक पेपरचे. प्रत्येक विषयाचे दोन पेपर आणि एक प्रॅक्टिकल.

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राबवण्यासाठी निघालेल्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने हे गणित मोडलं. आता सेमिस्टर 22 क्रेडिटचं. पहिल्या सेमिस्टरला मेजरचे 6 (4 थिअरीचे, 2 प्रॅक्टिकलचे), मेजरशी जोडलेल्या व्यावसायिक कौशल्याचे 2, ओपन इलेक्टिव्हचे 4, आणि बाकीचे दोन-दोन करून कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहअभ्यासक्रम यांना. मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, दुसऱ्या सेमिस्टरला आला, तोही 2 क्रेडिटचा. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतून घ्यायचं. स्वायत्त महाविद्यालयांनी हे 2023-24 पासून राबवलं, बाकीच्यांनी पुढच्या वर्षापासून. व्हर्टिकल (विषयांचे गट), बास्केट (निवडायच्या विषयांची यादी), एबीसी आयडी (क्रेडिट बँकेतल्या खात्याचा क्रमांक) हे शब्द स्टाफरूममधून थेट प्रवेशाच्या खिडकीवर आले.

विज्ञानाचे 18 क्रेडिट होते, ते पहिल्या सेमिस्टरला जेमतेम 8 वर आले. आता तीन प्रयोगशाळांऐवजी एक.

याची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. ज्याला मायक्रोबायॉलॉजीच करायची आहे त्याने नको असलेल्या तिसऱ्या विषयात एटीकेटी, म्हणजे नापास होऊन पुढे ढकललेला पेपर, का ओढवून घ्यावी? विज्ञानाच्या मुलाने अर्थशास्त्र किंवा इतिहासाचा एखादा पेपर शिकला तर त्याचं नुकसान होत नाही, उलट ती उणीव होतीच. वर्षभराने सोडावं लागलं तर हातात निदान प्रमाणपत्र असावं, हेही घरच्या अडचणीने कॉलेज सोडणाऱ्या मुलींच्या दृष्टीने मोलाचं आहे, मग त्यासाठी जादा 4 क्रेडिट करावे लागले तरी.

पण ज्या वयात आणि ज्या तयारीवर ही निवड मागितली जाते, ते पाहिलं पाहिजे. बारावीची दोन वर्षं बहुतेकांनी सीईटी आणि नीटच्या पर्यायी प्रश्नांत घालवलेली असतात. पुष्कळ मुलांच्या हाती ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव मोजून सोडायची काचनळी, खऱ्या अर्थाने पहिल्यांदा एफवायलाच येते. फिनॉल्फ्थॅलीन टाकलेल्या फ्लास्कमध्ये एकेक थेंब सोडायचा, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं, गडद झाला तर रीडिंग टाकून द्यायचं. तीन वेळा करून सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं तेच ते रीडिंग, जुळला तरच पुढची आकडेमोड. जुन्या रचनेत पीसीएमचा विद्यार्थी एका दिवशी हे करी आणि दुसऱ्या दिवशी स्पेक्ट्रोमीटरवर व्हर्निअर वाचत असे. सीबीझेडची मुलगी टायट्रेशनवरून (हेच ब्युरेटचं काम) उठून बॉटनीच्या लॅबमध्ये ब्लेडने खोडाचा टी.एस., म्हणजे पातळ आडवा छेद काढी, तो सॅफ्रॅनिनच्या लाल रंगात रंगवी. आपल्याला काय आवडतं ते याच टेबलांवर कळायचं. मेजर अर्जावरच ठरला की ही ओळख होण्याआधीच निवड झालेली असते.

शिवाय विषय एकमेकांवर उभे आहेत. गणिताविना भौतिकशास्त्र चालत नाही, थर्मोडायनॅमिक्स नीट कळल्याविना फिजिकल केमिस्ट्री पाठांतर होते, आणि रसायनशास्त्राविना जीवशास्त्राची आजची वाट दोन पावलंही पुढे जात नाही. 2 क्रेडिटच्या मायनरवर हे सगळं टाकणं मला पटत नाही. पहिल्या वर्षाअखेर मेजर बदलता येईल, असं केंद्रीय आराखडा सांगतो. कागदावर ठीक आहे, पण ज्याने वर्षभर दुसरी लॅबच पाहिली नाही तो कशाच्या आधारावर बदलणार?

आणखी एक परिणाम शिक्षकांच्या नेमणुकांवर झाला. सगळे तीन विषय शिकत तोवर वनस्पतिशास्त्राला किंवा प्राणिशास्त्राला पहिल्या वर्षी भरपूर विद्यार्थी मिळत आणि त्या तासांवर विभाग टिकत. मेजरसाठी मागणी कमी असलेल्या विषयांचे तास घटले की वर्कलोड घटतो, पद धोक्यात येतं आणि विभाग सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर ढकलला जातो. ठाण्याची खाडी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. खारफुटी आणि फ्लेमिंगो कॉलेजच्या कुंपणाबाहेर आहेत, आणि ते शिकवणाऱ्या विषयांना पहिल्या वर्षी मुलं कमी पडण्याची वेळ येते, ही विसंगती इथल्या लोकांना जास्त टोचायला हवी.

मार्च 2024 मध्ये राज्याचा सुधारित आराखडा आला. त्यात पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकून दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर आणि एक मायनर ठरवण्याचा पर्याय मोकळा झाला. पुण्याच्या विद्यापीठाने ती वाट धरली. म्हणजे एकाच राज्यात, एकाच धोरणाखाली, एफवायबीएस्सीची दोन रूपं चालू आहेत. ठाण्यातून पुण्यात किंवा पुण्यातून वाशीत बदली करून येणाऱ्या विद्यार्थ्याचे क्रेडिट बँकेत जमा होतील, पण ज्या लॅबचे तास त्याने केलेच नाहीत ते कुठून भरायचे, हे ज्या त्या महाविद्यालयाच्या समकक्षता समितीवर सोडलं जातं.

2024 ला आलेली बॅच 2027 मध्ये तिसरं वर्ष पूर्ण करेल, आणि ज्यांना ऑनर्स हवी ते चौथ्या वर्षाला थांबतील. पहिल्या वर्षी एकच लॅब पाहिलेली ही मुलं एमएस्सीच्या आणि संशोधनाच्या प्रवेशाला जुन्या बॅचच्या शेजारी बसतील. तोवर दर जूनमध्ये अर्जावर मेजर विचारला जाईल, पहिलं लेक्चर व्हायच्या आधी.